प्रत्येकी एक पत्रा

३ ऑक्टोबर, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. पडद्यावर आकडा एकशे चार.

आदल्या रात्री एकशे चारच होते आणि त्याच्या आदल्या सकाळीही. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला आणि पुन्हा पाहिले.

“बघून वाढत नाही ते, मामा,” भाची आतल्या खोलीतून म्हणाली. मी काय करतो आहे हे तिला खुर्चीच्या आवाजावरून कळत असे.

हा आकडा पत्र्यांचा होता. प्रकरण नीट समजावे म्हणून थोडे मागे जाणे आवश्यक आहे.

नोकरी संपल्यापासून मी माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी राहतो. घरात तीन माणसे: बहीण, तिची मुलगी आणि मी. भाचीने पाच वर्षांपूर्वी एक सॉफ्टवेअर लिहिले व त्याला ‘उलगडा’ असे नाव दिले. पत्र्याचे काम करणाऱ्या लहान कारखान्यांसाठी ते आहे. हवा वाहून नेणाऱ्या डक्टचे कोपरे, धान्याची नरसाळी, भट्टीची धुराडी, अशी कोणतीही वस्तू पत्रा वाकवून करायची झाली की पहिला प्रश्न एकच असतो: सपाट पत्र्यातून नेमका कोणता आकार कापावा, म्हणजे वाकवल्यावर हवी ती वस्तू होईल? उलगडा तो आकार काढतो आणि खऱ्या मापात कागदावर छापून देतो. कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि रेषेवरून कातरी चालवायची. तंत्रनिकेतनात आम्हाला हा विषय दुसऱ्या वर्षी होता आणि निम्मा वर्ग त्यातच गटांगळ्या खात असे. मी तरलो आणि पुढे सबंध नोकरी एका कारखान्याच्या रेखाटन विभागात केली. उलगड्यामागची भूमिती मी भाचीला समजावली; बाकीचे सारे तिचे.

उलगडा फुकट होता आणि कितीतरी कारखान्यांत चालत होता. त्यात उणीव एकच होती. चौकोनी डक्टला गोल डक्ट जोडणारा जो तुकडा असतो, तो दोन्हींचे मध्य एका रेषेत असले तरच उलगड्याला काढता येत असे. प्रत्यक्षात वाटेत तुळई येते, खांब येतो, आणि मध्य बाजूला सरकवावा लागतो. ‘मध्य सरकलेला तुकडा कधी देता?’ असे लोक तीन वर्षे विचारत होते. भाचीच्या अंदाजाने ते सहा महिन्यांचे काम होते, आणि तेही दुसरे काहीही हाती न घेता.

आता अडचण आली. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने तिला जागा देऊ केली होती आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत उत्तर मागितले होते. भाचीने जेवताना आम्हा दोघांना स्पष्ट सांगितले की, उलगडा वापरणाऱ्यांनी सहा महिन्यांचा भार उचलला तर ती राहील आणि तो तुकडा करून दाखवील. नाही उचलला तर ती जाईल, आणि उलगडा आहे तिथेच थांबेल. बहिणीने वाढणे चालू ठेवले. मुलगी दूर गेली तर तिच्या जिवाला काय होईल हे मला ठाऊक होते. माझ्या जिवाचे कुणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

मागणी पैशात न करता पत्र्यात करावी, ही कल्पना माझी. पैसे म्हटले की माणूस खिशावर हात ठेवतो. पत्रा मात्र त्याच्या रोजच्या हातातला. सहा महिन्यांचा खर्च तीनशे वीस पत्र्यांच्या किमतीइतका भरला. प्रत्येक कारखान्याने एका पत्र्याची किंमत द्यायची. आधी फक्त शब्द द्यायचा. ३१ तारखेला संध्याकाळी सहा वाजता तीनशे वीस भरले तरच रक्कम घेतली जाईल, न भरले तर कुणाकडून काहीच नाही. तोवर ज्याला शब्द मागे घ्यायचा असेल त्याला मुभा. घरच्या माणसांचा पत्रा धरायचा नाही. हे शेवटचे कलमही माझेच.

आवाहनाचा मजकूरही मी लिहिला होता. त्यात अकरा कलमे आणि दोन टिपा होत्या. भाचीने तो वाचला आणि विचारले, “मामा, हे आवाहन आहे की निविदा?” शेवटी चार ओळी उरल्या. उलगड्याच्या खिडकीत तळाला एक पट्टी आली, तिच्यात त्या चार ओळी आणि शेजारी आकडा.

पहिल्या आठवड्यात आकडा शंभराच्या जरा पुढे गेला. मग जो अडकला तो अडकलाच.

मला स्वस्थ बसवेना. पडद्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, तिथून परत पडद्यापाशी. वर्तमानपत्र घेतले की एकच बातमी पुन्हा वाचत बसलो आहे हे बातमीच्या तळाशी आल्यावर कळे. बहीण म्हणाली, “दादा, फरशी झिजली तर भरून कोण देणार? तिच्यासाठीही पत्रे मागशील?” मी बसलो. बसल्या जागी पाय हलू लागला, तेव्हा तिने पायाकडेही पाहिले.

अशा वेळी मला एकच उपाय ठाऊक आहे. मी माझ्या खोलीत जाऊन ड्रॉइंग बोर्डाशी बसे. लोकांच्या पत्रांना उत्तरे देण्याचे काम माझ्याकडे होते आणि काही उत्तरे शब्दांत देता येत नाहीत, ती काढूनच द्यावी लागतात. पेन्सिलीला टोक केले, टी-स्क्वेअर कडेला टेकवला की तासभर तरी तो आकडा डोक्यातून जात असे.

१४ तारखेला दुपारी भाची काहीतरी स्कॅन करायला माझ्या खोलीत आली. यंत्राचे झाकण उघडले तर काचेवर माझे रेखाटन होते.

“हे कुणाचं?”

“नरसाळेवाल्यांचं. त्यांना उद्या कापायचंय.”

नरसाळेवाले म्हणजे आमचे एक जुने वापरकर्ते. पहिल्यांदा फोन केला तेव्हा सलग नऊ नरसाळ्यांचे प्रश्न विचारले होते, तेव्हापासून घरात त्यांचे हेच नाव. तिने कागद उजेडात धरला.

“मामा, हा चौकोनातून गोल आहे. आणि मध्य सरकलेला.”

“हो. अडीचशे मिलिमीटर. वाटेत तुळई आहे त्यांच्या.”

“असे अजून किती काढून दिलेत तुम्ही?”

मी तळचा खण उघडून दाखवला. प्रत्येक रेखाटनाची प्रत ठेवायची सवय नोकरीपासूनची. ती खाली फरशीवरच बसली आणि एकेक कागद वर घेऊ लागली. ती रागावली नाही, तिने नुसते विचारले, “यांनी पत्रा दिलाय?” मी पडद्यापाशी जाऊन पाहिले. दिला नव्हता. “आणि यांनी?” यांनीही नाही. पाच-सहा नावांनंतर मी खुर्चीतून उठण्याचे सोडून दिले. नुसती मान हलवत राहिलो.

“मला कधी सांगितलं नाहीत.”

यात सांगण्यासारखे काय होते, हे मला खरोखर कळत नव्हते. आमच्या रेखाटन विभागाचा नियम असा होता की, कारखान्यातून शंका आली तर तिला त्याच दिवशी उत्तर गेलेच पाहिजे; तिथे माणूस पत्रा समोर ठेवून उभा असतो. मी तोच नियम पाळत आलो होतो. हे तिला समजावू लागलो, पण दुसऱ्या वाक्यातच माझा आवाज मलाच पोकळ वाटू लागला.

“मामा, मी सहा महिन्यांत जे करणार ते तुम्ही यांना एका दिवसात देताय,” ती म्हणाली. “फुकट. वर गप्पा मारायला माणूस. ज्यांना हे सगळ्यात जास्त हवंय, ज्यांचं ऐकून बाकीचे देतील, तेच हे सगळे. ते कशाला देतील? त्यांच्या लेखी ते फीचर कधीच तयार झालंय. ते फीचर तुम्ही आहात.”

मी हिशेब मांडून प्रतिवाद करण्याचा प्रयत्न केला. हिशेब तिच्याच बाजूने निघाला. ज्यांनी पत्रा दिला होता ते सगळे मला कधीच न लिहिलेले लोक होते.

तिने थांबवा असे म्हटले नाही. थांबवतो असे मीच म्हटले. नरसाळेवाल्यांचा कागद कबूल केला होता म्हणून पाठवला; तो शेवटचा. त्या दिवशीचा आकडा एकशे एकवीस.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते मला सांगता येणार नाही. रेखाटने मागणारी पत्रे येतच होती. मी प्रत्येकाला नम्रपणे कळवत होतो की, यापुढे हाताने रेखाटन करून मिळणार नाही. ओळ लिहून झाली की हात आपोआप पेन्सिलीकडे जाई. मी बोर्डावर चादर घातली. मग चादर काढली, कारण ती घातल्यावर खोलीत कुणी आजारी असल्यासारखे वाटू लागले.

दोन दिवसांनी नरसाळेवाल्यांचा फोन आला. पुन्हा तसलाच तुकडा, मापे वेगळी. मी नाही म्हणालो. पलीकडे यंत्राचा आवाज चालू होता, तो त्यांनी कुणाला तरी सांगून बंद करवला.

“तब्येत बरी आहे ना, साहेब?”

“उत्तम आहे.”

“मग आमचं काही चुकलं का?”

“उलगड्यात खाली पट्टी आहे. तिच्यात सगळं लिहिलंय, तेवढं वाचा.”

“ती पट्टी होय? ती बारीक करून कोपऱ्यात टाकलीय आम्ही. मध्ये मध्ये येते.” मग म्हणाले, “म्हणजे साहेब आता भाव खाणार तर. खा. पण माझी चार माणसं साइटवर हात बांधून बसलीत, त्यांना काय पट्टी वाचून दाखवू?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन ठेवला. त्यांनी सांगितलेली मापे मात्र मी सवयीने कागदावर उतरवून घेतली होती. तो कागद मी फाडला, आणि फाडल्यावरही मापे डोक्यात राहिली.

पुढच्या आठवड्यात आकडा हलला. आधी दोन-चार, मग दिवसाला वीस, पंचवीस. घराचे रूपच पालटले. बहीण पडद्यासमोरून जाताना ओझरते बघू लागली, भाची काम करताना गुणगुणू लागली. मला मात्र चुटपुट लागून राहिली. न कळलेल्या कारणाने यंत्र चांगले चालू लागले तर शहाण्या माणसाने आनंद मानू नये, असे आमचे प्राध्यापक सांगत. शिवाय येणाऱ्या पत्रांचा सूर चमत्कारिक होता. ‘प्रकृतीला जपा.’ ‘आपले उपकार विसरणार नाही.’ एका गृहस्थांनी तर ‘ऑपरेशन कोणत्या डोळ्याचे आहे?’ असे विचारले.

मी त्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी गडबडून जे सांगितले ते असे. या धंद्यातल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर नरसाळेवाल्यांनी लिहिले होते की, साहेबांची नजर गेली, बिचारे सांगायला लाजतात. आता त्यांची विद्या भाची सॉफ्टवेअरमध्ये भरून घेणार आहे, तेव्हा मी टाकलाय, तुम्हीही एकेक पत्रा टाका. मी नाही म्हणू शकतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरलीच नव्हती. मी काढत नाही याचा अर्थ मला दिसत नाही, एवढाच त्यांना लागला.

२८ तारखेच्या संध्याकाळी आम्ही तिघे टेबलाशी बसलो. आकडा तीनशे अडतीस होता. म्हणजे हवे होते त्याहून अठरा अधिक.

बहिणीचे मत स्वच्छ होते. “तू कुणाला खोटं बोलला नाहीस ना? मग झालं. डोळे शाबूत आहेत म्हणून गावभर दवंडी पिटायची काय गरज? आज ना उद्या जायचेच आहेत ते, वय झालंय तुझं.”

मी म्हणालो की, रेखाटनात चुकीचे माप आहे हे कळल्यावर ते खाली कारखान्यात जाऊ देता येत नाही. चूक कुणाची का असेना. बोललो खरा, पण भाचीकडे पाहवेना. जाणार होती ती. राहायचे होते ते तिला. माझ्या तत्त्वाची किंमत तिने मोजायची होती.

ती उठून गॅलरीत गेली. बराच वेळ तिथे उभी होती. बहीण ताटे आवरण्याचा आवाज मुद्दाम मोठा करत होती. भाची परत आली ती खुर्ची ओढून संगणकाशीच बसली.

“मजकूर मी लिहिते,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलात तर अर्ध्यात झोपतील.”

तिने लिहिले: ‘मामांचे डोळे ठणठणीत आहेत. त्यांनी हाताने काढून देणे बंद केले, कारण ते फुकट मिळत होते तोवर तुम्ही पत्रा देत नव्हता. हे आमच्याही उशिरा लक्षात आले. चुकीच्या समजुतीने पत्रा दिला असेल, तर तो परत घ्या. राग नाही.’ हे सकाळी सर्वांना गेले, ज्यांनी पत्रा दिला होता त्यांना आणि ज्यांनी दिला नव्हता त्यांनाही.

दुपारपर्यंत तीनशे तीस. मग तीनशे एकवीस. मी पडद्यासमोरून उठलो आणि परत येऊन पाहिले तर तीनशे सोळा. एकाने लिहिले की असला धंदेवाईकपणा आमच्याकडून अपेक्षित नव्हता. दुसऱ्याने लिहिले की डोळे चांगले असल्याचा आनंद आहे, पत्रा मात्र परत घेत आहे. भाचीने माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि उघडून उन्हात ठेवली. नुसती हवा लागावी म्हणून, असे ती म्हणाली. बहीण दिवसभर त्या बॅगेला वळसा घालून ये-जा करत राहिली. ३० तारखेच्या दुपारी आकडा तीनशे नऊ झाला.

संध्याकाळी नरसाळेवाल्यांचा फोन आला.

“मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत तुम्ही, साहेब. सगळे हसतायत.”

मी म्हणालो, डोळ्यांचे मी काहीच बोललो नव्हतो. उलट तब्येत उत्तम आहे असेच सांगितले होते.

“तेच तर. आजारी माणूस असंच म्हणतो.”

यावर मला हसू आले. त्यांना आले की नाही ते कळले नाही. मी विचारले की, त्या तुकड्याचे शेवटी काय झाले. ते थोडे घुटमळले.

“मीच काढला. बसून. दोन पत्रे भंगारात गेले. तिसरा बसला, पण कसा? हातोडी मारून. चार माणसं बघत होती.”

“आम्ही एकच मागितला होता.”

 मग ते म्हणाले, “माझा अजून आहे का तिथे? की गेला?”

“आहे.”

“असू दे मग.”

त्या रात्री त्यांनी ग्रुपवर काय लिहिले ते ऑपरेशनची चौकशी करणाऱ्या गृहस्थांनी मला पाठवले: ‘साहेबांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं, चूक माझी. ते आता हाताने काढून देणार नाहीत, विचारू नका. मी स्वतः काढायला गेलो आणि दोन पत्रे फुकट घालवले. ज्याला एक घालवायचा असेल त्याने तो इथे घालवावा.’

३१ तारखेला सकाळी आकडा तीनशे बारा होता. भाचीने कंपनीला द्यायची दोन उत्तरे लिहून ठेवली होती, एक होकाराचे आणि एक नकाराचे. ती दोन्ही उघडी ठेवून ती दुसरेच काम करत बसली होती. मी पडद्यापासून दारापर्यंत आणि दारापासून पडद्यापर्यंत फिरत होतो, आणि आज मला कुणी फरशीची आठवण करून दिली नाही. चार वाजता तीनशे एकोणीस झाले. बहीण माझ्या वाटेत येऊन उभी राहिली. एका पत्र्याचा प्रश्न आहे, ती हळूच म्हणाली. तिच्या मैत्रिणीच्या नावावर टाकता येईल. नियम मी केला, तर मला मोडताही येतो. मी नाही म्हणालो. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की लहानपणी तिची बाहुली उघडून आत काय आहे ते पाहिले होते तेव्हाही तिने इतक्या रागाने पाहिले नसेल.

पावणेपाचला तीनशे वीस. पाचला पुन्हा तीनशे एकोणीस. कुणीतरी त्याच सुमारास मागे घेतला होता. भाचीने पडद्याची खुर्ची मला दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, म्हणजे तिला माझ्या खांद्याआडून दिसावे आणि दिसूही नये.

सहाला दहा कमी असताना फोन वाजला. नवा माणूस होता. त्याला कुणीतरी माझा नंबर दिला होता. चौकोनातून गोल, मध्य दीडशे सरकलेला, उद्या दुपारपर्यंत मिळेल का? मी दोघींकडे पाहिले.

“सहा महिन्यांनी मिळेल,” मी म्हणालो, “किंवा कधीच नाही. दहा मिनिटांनी नक्की सांगतो.”

सहा वाजता पट्टी आपोआप बंद झाली. पत्रे तीनशे चोवीस.